उलट्या डब्यातले जुने गेम

संपतच्या दुकानात वस्तू कधी साठून राहिल्या नाहीत. लोक रेडिओ टाकून जायचे, आठवड्यानं काखेत मारून घेऊन जायचे. साठायचे ते किस्से! वस्तू दुरुस्त झाली की मालकाबरोबर जाते, पण ती बिघडली कशी हे सांगताना मालक जे बोलून गेलेला असतो ते दुकानातच राहतं. त्यात दोन हजार सालानंतर कधीतरी तो राखाडी डबा दुकानात आला, आणि मग तर काही विचारूच नका!

आधी मंडळी सांगते. आम्ही तिघं. संपत म्हणजे टीव्ही-रेडिओ मेकॅनिक, घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर दुकान. आयटीआय केलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ओळीनं लावलेले स्क्रू-ड्रायव्हर, आणि बंद पडलेल्या वस्तूकडे बघताना चेहऱ्यावर असं हसू, की जणू ती वस्तू त्याला कोडं घालायलाच बंद पडलीय. दुसरे पारसशेठ. दोन दुकानं सोडून त्यांचं भांड्यांचं दुकान. आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं जैन घर. घरात मारवाडी, गल्ल्यावर घोडेगावची मराठी. आणि तिसरी मी. संपतच्या दुकानाच्या वरच्या माडीवर माझे टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास. इंटरनेटचा फोन आणि सीडी लिहिणारं यंत्र त्या रस्त्यावर फक्त माझ्याकडे, म्हणून माझा मान मोठा. संपत मला मॅडम म्हणायचा, पारसशेठ ताई.

*

डबा आला तो पारसशेठच्या हातातून.

"संपत, माझा सीडी प्लेअर अडखळतोय बघ. स्तवन मध्येच तुटतं. आईची सकाळ खराब होते."

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या मेहुण्यानं पुण्यातलं घर बदलताना एका खोक्यात बरंच सामान भरून दिलं होतं, त्यात हा डबा होता. काय आहे ते कोणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. झाकण उघडलं तर आत सीडी बसण्याची जागा. वायरी टेपच्या स्पीकरला जोडल्या, सीडी घातली, गाणं लागलं. म्हणजे सीडी प्लेअरच की!

संपतनं डबा फिरवून फिरवून बघितला. पुढं दोन भोकं, चपट्या तोंडाची. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"शेठ, ह्याच्यासंगं अजून काय आलं व्हतं?"

"रिमोट आहेत ना दोन." शेठनी पिशवीतून दोन दांडीवाले पॅड काढले. प्रत्येकाला वावभर लांब वायर.

"वायरीचा रिमोट?"

"हो. चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीनं वायर ठेवली असेल."

संपतनं हातातला पाना खाली ठेवला. "शेठ, तुमी सहा महिने व्हिडिओ गेमवर भजनं ऐकताय!"

आम्ही पोट धरून हसलो. पारसशेठ हसले नाहीत. त्यांनी दुसरा पॅड उचलला, बराच वेळ न्याहाळला आणि अगदी मनापासून विचारलं, "तरीच! मी रोज विचार करत होतो, एका घरात दोन रिमोट कोणासाठी?"

*

शेठच्या आईसाठी संपतनं दुसरा सीडी प्लेअर बघून दिला आणि डबा दुकानात राहिला. पण तो अडखळायचा थांबेना. कापूस झाला, स्पिरिट झालं. मग एकदा खालचा स्क्रू पिळायला म्हणून संपतनं चालू डबाच उलटा केला, आणि सीडी गपगुमान वाचायला लागली! सरळ केला, थांबली. उलटा केला, चालली.

कारण त्यानं तासाभरात शोधलं. आतली प्लास्टिकची पट्टी झिजून भिंग खाली बसलं होतं. डबा उलटा झाला की ते आपसूक सीडीजवळ सरकायचं. "म्हातारं झालंय. पाठीवर झोपलं की बरं वाटतंय," संपत म्हणाला.

तेव्हापासून डबा कायम उलटा. पण दुकानात येणाऱ्याला काही उलटं दिसलं की राहवत नाही. "अहो, उलटं पडलंय हे," म्हणत जो तो येऊन ते सरळ करायचा, आणि ऐन रंगात आलेला गेम थांबायचा. शेवटी संपतनं वर चिठ्ठी डकवली: 'मुद्दाम उलटा ठेवला आहे.' मग जो तो विचारायला लागला, का? आणि संपतही प्रत्येकाला सांगत बसला, की जुनी यंत्रं कधी कधी उलटी केली की चालतात.

आठवडाभरानं डिंभ्याकडचे एक पाहुणे आले. पिशवीतून ट्रान्झिस्टर काढून त्यांनी अलगद टेबलावर ठेवला. उलटा.

"मी बी चार दिस घरी आसाच ठेवून बघितला, भाऊ. काडीचा फरक न्हाई. हाताला गुन लागतो, तो तुमच्याच हाताला हाय बगा!"

*

आता खरी भानगड. मेहुण्याच्या खोक्यात गेमची सीडी एकच निघालेली. मोटारींची शर्यत. तिचं प्रत्येक वळण आम्हाला पाठ झालं, आणि नव्या सीडी घोडेगावात कुठल्या मिळायला!

एका दुपारी संपतनं घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत नव्वदच्या दशकातल्या कॅसेटी. म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या गेमच्या, पिवळ्या-काळ्या, जाडजूड. ज्या मशीनवर त्या चालायच्या ते व्होल्टेज वाढून कधीच जळालेलं.

"मॅडम, ह्या ह्याच्यात चालवता येतील?"

"अरे, ही कॅसेट, ती सीडी. बसणार कशी?" असं म्हणाले खरी, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोन दिवस क्लास सुटल्यावर इंटरनेटवर शोधलं. एक पान उघडायला चहा करून प्यावा इतका वेळ. आणि सापडलं! परदेशातल्या कोणीतरी हौशी माणसानं नेमक्या आमच्याच डब्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. तो आणि कॅसेटीतले गेम, तेही इंटरनेटवरच मिळत, एका सीडीवर लिहायचे, की नवा डबा जुन्या मशीनसारखा वागायला लागतो. नाव, एम्युलेटर.

"म्हणजे काय?" पारसशेठनी विचारलं. मी प्रोसेसरपासून सुरुवात केली. दोन वाक्यांत शेठचं लक्ष रस्त्यावर गेलं.

संपत म्हणाला, "शेठ, नारायणगावला तमाशा बघितलाय न्हवं? सकाळी जो मानूस ट्रकातनं पेट्या उतरवतो, तोच वगात राजा हुतो. पन एकदा राजा झाला की राजासारखाच बोलनार. तसा ह्यो डबा जुन्या मशिनीचं सोंग घेनार. गेमला कळनारच न्हाई, म्होरं कोन हाय ते."

पुढं मी पुष्कळ वाचलं, पण एम्युलेटर इतका सोपा करून सांगणारं पुस्तक मला मिळालं नाही.

शेठ मात्र विचारात पडले. "गेमला कळत नाही, ठीक. पण डब्याच्या तरी ध्यानात राहतं का, आपण मुळात कोण?"

"बटन बंद केलं की आठवतं, शेठ!"

*

प्रोग्रॅम मिळाला, सीडी लिहिली, घातली. डब्यानं साफ नाकारली. तो म्हणे फक्त कंपनीची सीडी ओळखतो, घरी लिहिलेली चालवत नाही. त्यावरही इंटरनेटवर उपाय होता. आधी कंपनीची सीडी दाखवायची, डब्याची खात्री पटू द्यायची, आणि नेमक्या क्षणी फिरती सीडी काढून तिथं आपली बसवायची. झाकण उघडं आहे हे डब्याला कळू नये म्हणून तिथलं बारीक बटण दाबून धरायचं.

हे काम एकट्याचं नव्हतं. उलट्या डब्यातली सीडी बदलणार कशी? म्हणून डबा कडेवर उभा केला. शेठनी तो दोन्ही हातांनी धरायचा, मी आगपेटीच्या काडीनं बटण दाबायचं आणि संपतनं कान लावून बसायचं. सीडीचा आवाज बारीक झाला की "आता!" म्हणून झटकन अदलाबदल. शेठ डोळे मिटून ओठांतल्या ओठांत नवकार मंत्र म्हणायचे. त्यांचा हात हलायचा, माझी काडी मोडायची, संपतचा "आता!" कधी लवकर निघायचा, कधी उशिरा. सीडीवर ओरखडे पडायचे. काही तर माझ्या यंत्रानं लिहितानाच बिघडवल्या. पंधरा-वीस सीडी वाया गेल्या.

त्याच सुमारास जुन्नरच्या बाजूचे एक द्राक्षबागायतदार, बबनराव, मुलीला माझ्या क्लासला सोडायला यायचे. बिघडलेल्या सीडींची चवड बघून म्हणाले, "मॅडम, ह्या टाकू नका. मला द्या. बागेत टांगतो, उन्हात चमकल्या की पाखरं जवळ येत न्हाईत."

मी आनंदानं दिल्या. दर आठवड्याला ते विचारायचे आणि दर आठवड्याला माझ्याकडे तीन-चार तयार असायच्या!

महिन्याभरानं आमचा हात बसला. बबनराव आले तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, "जमलं हो आम्हाला! आता एकही सीडी बिघडत नाही."

त्यांचा चेहरा पडला. "आसं कसं मॅडम? माजी आजून निम्मी बाग राह्यलीय की!"

*

जमलं तो दिवस असा. सीडी बदलली, झाकण लावलं, डबा उलटा केला. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं.

"बंद पडला का?" शेठ कुजबुजले.

"थांबा शेठ, मेकअप चाललाय!" संपत म्हणाला. पुढं कितीतरी वर्षं आमच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला की मुली हेच म्हणायच्या.

आणि चित्र आलं! पण रंग नाहीत, आणि वरून खाली सरकतंय. संपतला यातलं सगळं माहीत. आपले टीव्ही एका पद्धतीचे, हे चित्र दुसऱ्या देशाच्या पद्धतीचं. एम्युलेटरमध्येच तशी सोय होती, ती मी शोधून बदलली. रंग आले, चित्र स्थिर झालं, गेमचं जुनं गाणं सुरू झालं. शेठनी टाळ्या वाजवल्या.

संपत मात्र कान टवकारून उभा. "मॅडम, गानं संथ झालंय."

मला काही वेगळं वाटेना. त्यानं घड्याळ काढलं, तोंडानं गाणं जसं आठवत होतं तसं म्हटलं, आणि पडद्यावरचं मोजलं. खरंच! तोंडातलं आधी संपायचं. शेवटी कळलं ते असं, की आपल्या पद्धतीत टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवतो आणि त्या देशात साठ. रंग मिळवायचे तर वेग थोडा सोडायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी लहानपणी ऐकलेल्या गाण्यातला एवढा फरक या माणसानं कानानं धरला!

"मी टीव्हीतच काय तरी करतो, म्हंजी रंग बी राहील आन वेग बी," म्हणत संपत टीव्ही उघडायला लागला.

"हात लावू नकोस!" पारसशेठ ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते गेमचा पहिला टप्पा पार करून गेले होते. "माझ्या वयाला हाच स्पीड बरोबर आहे!"

*

कॅसेटींमध्ये एकीवर छापलं होतं, नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. तुम्हीही बघितली असेल तशी. संपतची ती सगळ्यात लाडकी. शाळेत असताना चुलत्यांनी मंचरच्या बाजारातून आणून दिलेली.

"मॅडम, ह्यातलं सगळं गेम सीडीत टाकू. मी यादी करून देतो."

त्यानं आठवून आठवून वहीत नावं लिहून आणली. तीन पानं. मी इंटरनेटवर एकेक शोधायला बसले आणि शंका यायला लागली. सतरा नंबरचा गेम आणि एकशे सतरा नंबरचा गेम सारखेच. एकात आकाश निळं, दुसऱ्यात काळं. एकात माणसाला तीन जीव, दुसऱ्यात तीस. कधी गेम तोच, फक्त पाचव्या टप्प्यापासून सुरू केलेला. यादीला चाळण लावत लावत शेवटी उरले किती? सव्वीस!

ते संपतला सांगणं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं. त्यानं वही जवळ ओढली. मग म्हणाला, "मॅडम, त्या कॅसेटीत एक गेम व्हता. लई खालच्या नंबरला. पार खाली जायचं तर बोट दुखायचं. मी आनि माजा भाऊ दिवाळीच्या सुट्टीत पाळीपाळीनं बटन दाबून तिथवर गेलो व्हतो. काळ्या आकाशातला. आमी गावात कुनालाच त्याचा नंबर सांगितला न्हाई."

"तो सतरावाच, संपत."

"म्हंजी आख्खी सुट्टी आमी जुनाच गेम खेळलो?"

पारसशेठ पितळी तांब्या पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं का जुना आहे म्हणून? नाही ना? मग नवाच होता तो."

संपतनं वहीतला तो नंबर खोडला नाही. सीडीत त्यानं माझ्याकडून सत्तावीस गेम लिहून घेतले. सतरावा दोनदा!

*

आहुप्याच्या शाळेतले एक गुरुजी माझ्याकडे सुट्टीत कॉम्प्युटर शिकायला यायचे. ते एकदा म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांनी कॉम्प्युटर बघितलेला नाही. घेऊन याल का एक दिवस?" माझा कॉम्प्युटर घाटरस्त्यानं नेला असता तर वर पोचेपर्यंत त्याचे सुटे भागच हाती आले असते. संपत म्हणाला, "डबा नेऊ. तो बी कॉम्प्युटरच की. फकस्त सोंगाड्या!"

जीपमध्ये चौदा इंची टीव्ही गोधडीत गुंडाळला, डबा शेठच्या मांडीवर. वर वीज असेल-नसेल म्हणून संपतनं जीपच्या बॅटरीवर चालेल अशी सोय केली. शाळेच्या पडवीत मांडामांड झाली. पोरं आलीच, पण त्यांच्यामागं अर्धं गाव आलं. सगळ्यात पुढं बसले सोमाबाबा. सत्तरीचे, अंगावर घोंगडी, हातात काठी.

आम्ही रणगाड्यांचा गेम लावला. सोपा. वरून रणगाडे येतात, विटांच्या भिंती गोळ्या मारून फोडतात, आपला तळ वाचवायचा. मध्ये मध्ये हिरवी झाडी. पोरांनी एकच कल्ला केला. गुरुजी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं पॅड देत होते. सोमाबाबा मात्र पोरांकडे बघतच नव्हते. पडद्यावरची नजर हलत नव्हती.

थोड्या वेळानं त्यांनी काठी उचलून पडद्याकडे दाखवली. "त्या हिरव्यात गोळी मार."

खेळणाऱ्या मुलीनं मारली. गोळी झाडीतून पलीकडे गेली. झाडी होती तशीच.

"परत मार."

परत मारली. तसंच. विटा फुटत होत्या, लोखंड वाजत होतं, झाडीला काही होत नव्हतं. रणगाडा आत शिरला तर झाडीनं त्याला पोटात लपवला, दुसऱ्या बाजूनं बाहेर सोडला.

त्यांनी आठ-दहा वेळा मारायला लावली. चारही बाजूंनी. वरची झाडी, खालची झाडी, कोपऱ्यातली. एवढं तपासून पाहणारा माणूस मी कॉम्प्युटरच्या धंद्यातही बघितला नाही! मग संपतकडे वळले.

"ह्यो खेळ कुनी केलाय?"

"लांबच्या देशातल्या मानसांनी, बाबा. समुद्रापल्याड."

सोमाबाबांनी शाळेमागच्या देवराईकडे एकदा बघितलं. तिथली वाळकी काटकीसुद्धा गावात कोणी चुलीला आणत नाही.

"नाय," ते म्हणाले. "लांबचा नाय त्यो. त्याच्या गावाला राई आसनार!"

*

आता दत्ताची गोष्ट.

दत्ता संपतचा शाळासोबती. टेम्पो चालवायचा. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून मुंबईला. एका पावसाळ्यात घाटात टेम्पो उलटला. दत्ता वाचला, पण उजवा हात कोपरापासून खाली निकामी झाला. दवाखान्यातून घरी आला आणि घरातच बसला. सात-आठ महिने. लग्न नाही, मयत नाही, कुठंच नाही.

त्याची बायको शोभा एक दिवस मिक्सर दुरुस्तीला घेऊन आली. मिक्सरचं सांगता सांगता तिचे डोळे भरले. "भाऊजी, दारात कोन आलं की आतल्या खोलीत जाऊन बसत्यात. हात दिसू नये म्हनून अंगावर टॉवेल घेत्यात. म्या काय करू?"

संपतनं मिक्सर लगेच करून दिला, पण दिवसभर त्याचं कामात लक्ष लागेना. मला म्हणाला, "मॅडम, शाळेत असताना ह्या गेममध्ये त्याला कोनी हरवलेला न्हाई. लई भारी खेळायचा. पन गेमला दोन हात लागतात. डाव्या अंगठ्यानं दिशा, उजव्यानं बटन."

मी डब्याचा पॅड हातात घेतला. जुन्या मशीनच्या पॅडला दोनच बटणं होती, दोन्ही उजवीकडे. याला मात्र वरच्या कडेलाही बटणं होती, डाव्या बाजूला दोन. आणि एम्युलेटरमध्ये एक पान होतं, जे आम्ही कधी उघडलंच नव्हतं. कुठलं बटण कुठलं काम करणार, हे ठरवण्याचं. मी उजव्या हाताची दोन्ही कामं डावीकडच्या वरच्या बटणांवर दिली. पॅड मांडीवर ठेवून एकट्या डाव्या हातानं खेळून बघितलं. अंगठा खाली, बोटं वर. जमत होतं!

दत्ताला आणणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा तो आलाच नाही. दुसऱ्यांदा संपत स्वतः घरी गेला आणि म्हणाला, "मशीन लावलीय. ह्या दोघांना मी रोज हरवून कंटाळलो. ये." दत्ता आला. टॉवेल घेऊन. कोपऱ्यात बसला. तासभर नुसता बघत राहिला. मग डावा हात पुढं केला.

दोघांनी खेळायचा एक गेम होता. दोन माणसं पाठीला फुगे बांधून हवेत उडतात, एकमेकांचे फुगे फोडायचे. फुगे गेले की खाली पाण्यात. सुरुवातीला दत्ता सारखा पाण्यात पडायचा. पडला की त्याचा चेहरा असा व्हायचा, की आम्हाला बघवेना. चौथ्या दिवशी संपत त्याच्याकडून हरला. मग शेठ हरले. मग मी. ठरवलं असं कोणी नाही, पण तिघांनाही ते माहीत होतं. दत्ता रोज यायला लागला. रोज जिंकायला लागला. शोभा येऊन सांगून गेली, "घरी हसत्यात आता कधी कधी." मग तर आम्ही आणखी मन लावून हरायला लागलो! शेठ इतके सराईत झाले, की फुगे फुटायच्या आधीच "अरेरे!" म्हणायचे.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी संपतची आई जेवणाचा डबा घेऊन आली. साठी उलटलेली, सकाळी कुणाच्या तरी कांद्याच्या खुरपणीला जाऊन आलेली. संपत बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता, पॅड तसाच पडलेला. दत्ता गमतीनं म्हणाला, "मावशी, बसा की. खेळा माझ्यासंगं."

"ह्यातला माजा कंचा?"

"लाल."

"आनि काय करायचं?"

"माजं फुगं फोडायचं."

मी तिला मागून खुणावलं. शेठनी खोकून दाखवलं. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि पॅड हातात घेतला.

पहिल्यांदा ती आपल्या आपणच पाण्यात पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिचा लाल माणूस हळूहळू वर गेला, पार वरच्या कोपऱ्यात थांबला, आणि दत्ता खालून जायला लागला तसा धप्पकन त्याच्या डोक्यावर आला. फट! फट! दत्ता पाण्यात.

परत. फट! फट! पाण्यात.

दारात उभा राहून संपत ओरडला, "आये, आगं काय करतीस?"

"काय करतीस म्हंजी? फोडायचंच म्हनला न्हवं त्यो?"

दत्तानं पॅड खाली ठेवला. उठला. मला वाटलं, संपलं. आता हा परत येत नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याचे खांदे हलत होते. मग कळलं, तो हसतोय! मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तीन आठवडे झालं," तो आमच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ह्या तिघांना मी एका हातानं हरवतोय. मला वाटलं मशीनच बिगडलंय! मावशी, उठू नका. ह्यांच्यासंगं खेळून लई कंटाळा आलाय मला. आजून एक डाव."

संपतच्या आईनं जेवणाचा डबा बाजूला सरकवला आणि मांडी ठोकून बसली.

"बसते की. पन रडायचं न्हाई हां!"